करडईचे तेल आणि त्वचेचे अभ्यंग : मराठवाड्यातील एका परंपरेचे विवेचन

प्रस्तावना :

आयुर्वेदातील वनस्पती व तेले यांचा त्वचासंवर्धनासाठी होणारा उपयोग हा विषय अलीकडच्या काळात विशेष चर्चेत आहे. हळद, चंदन, मंजिष्ठा, कडुनिंब, कोरफड यांच्या नावाने बाजारात असंख्य उत्पादने उपलब्ध आहेत आणि त्यांच्याविषयी विपुल लेखन झालेले आहे. तथापि या लेखनात ग्रंथातील वचन, घरातील रूढी आणि प्रयोगशाळेतील निष्कर्ष या तिन्ही गोष्टी एकच आहेत असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात त्या नेहमीच एकमेकींशी जुळतात असे नाही. मराठवाड्यातील करडईचे तेल हे याचे बोलके उदाहरण होय. प्रस्तुत लेखात या एकाच तेलाच्या आधारे उपरोक्त तीन बाजूंमधील अंतर स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

लातूर जिल्ह्यातील जळकोट हा बालाघाटच्या डोंगररांगांतील तालुका नांदेड जिल्ह्यातील कंधार व मुखेड तालुक्यांना लागून आहे. या संपूर्ण परिसरात रब्बी ज्वारीबरोबर करडई घेण्याची जुनी रीत होती. ज्वारीत करडईचे पाटे टाकत, तसेच शेताच्या कडेनेही करडई पेरत. तिच्या काट्यांमुळे जनावरे आत शिरत नसत. कोवळ्या पानांची भाजी, बियांचे तेल आणि जनावरांना पेंड असा या पिकाचा सर्वांगीण उपयोग होई. घाण्यावरून आलेले जे तेल फोडणीला, तेच बाळ-बाळंतिणीच्या अंगाला. खोबरेल विकत आणावे लागे आणि ते डोक्यापुरतेच वापरले जाई. प्रस्तुत लेखिकेच्या आजोळी बाळंतिणीच्या खोलीत शेगडीच्या कडेला कोमट होत ठेवलेली वाटी करडईच्या तेलाचीच असे. बाळाची टाळू भरणे, अंग चोळणे, नंतर डाळीच्या पिठात साय कालवून तेल काढणे आणि वावडिंग-ओव्याची धुरी देणे हा क्रम ठरलेला होता.

ग्रंथांची भूमिका :

वाग्भटाच्या अष्टांगहृदयात सूत्रस्थानाचा दुसरा अध्याय दिनचर्येचा आहे. त्यात अभ्यंग नित्य करावा, डोके, कान व तळपाय यांकडे विशेष लक्ष द्यावे, असे सांगितले आहे. त्वचा चांगली होणे हा अभ्यंगाचा एक लाभ म्हणून तेथे नोंदविला आहे. त्याच ठिकाणी कफाने ग्रस्त, अजीर्ण झालेला आणि नुकतेच शोधनकर्म केलेला यांनी अभ्यंग टाळावा असा निषेधही आहे. आजच्या प्रचारी लेखनात पहिला भाग आवर्जून येतो आणि दुसरा गळतो, हे येथे नमूद करणे आवश्यक वाटते. चरकानेही सूत्रस्थानात तेल लावलेली घागर, चामडे आणि गाडीचा आस यांचे दृष्टांत देऊन अभ्यंगाने शरीर दृढ होते असे प्रतिपादन केले आहे.

मात्र हे तेल कोणते? 'तैल' हा शब्दच 'तिल' यापासून आलेला असून ग्रंथकारांच्या दृष्टीने वनस्पतिज स्नेहांत तिळाचे तेल श्रेष्ठ आहे. नवजात बालकासाठी अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानात बला तेलाचा निर्देश येतो. बला म्हणजे आपल्याकडे बांधावर, पडीक रानात उगवणारा चिकणा.

करडईला संस्कृतमध्ये कुसुंभ म्हणतात. तिच्या तेलाविषयी ग्रंथकारांचे मत अनुकूल नाही. चरकसंहितेच्या अन्नपानविधी या अध्यायात हे तेल उष्ण, जड, विदाही आणि सर्व दोषांना प्रकुपित करणारे म्हटले आहे. वाग्भट तर त्याहून स्पष्ट आहे. जवस आणि करडई यांची तेले उष्ण असून त्वचेचे विकार, कफ व पित्त उत्पन्न करतात, असे तो सांगतो. म्हणजे ज्या तेलाने मराठवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या बाळांची अंगे चोळली गेली, त्या तेलाला ग्रंथांनी त्वग्दोषकारक ठरविले आहे. 'आमची परंपरा आयुर्वेदातूनच आलेली आहे' असे आपण सर्रास म्हणतो, परंतु या ठिकाणी ते विधान टिकत नाही. येथील रूढी पिकावर आणि घाण्यावर आधारलेली आहे. ती ग्रंथावर आधारलेली नाही.

अर्थात एक सावधगिरी बाळगली पाहिजे. ही दोन्ही वचने आहारद्रव्यांचे गुण सांगणाऱ्या अध्यायांतील आहेत. पोटात घेतलेल्या तेलाविषयीचे मत बाहेरून लावण्याच्या तेलाला जसेच्या तसे लागू करता येईल काय, हा प्रश्न आयुर्वेदाच्या अभ्यासकांनी विचारात घ्यावा असा आहे.

त्वचा आणि तेल यांचा संबंध :

त्वचेच्या सर्वांत बाहेरच्या शृंगी स्तरात चपट्या, मृत पेशी असतात आणि त्यांच्या मधल्या जागेत स्निग्ध पदार्थांचे पापुद्रे असतात. भिंतीतील विटा आणि चुना अशी उपमा यासाठी दिली जाते. शरीरातील पाणी बाहेर जाऊ न देणे आणि जंतू व क्षोभक द्रव्ये आत येऊ न देणे हे काम प्रामुख्याने या 'चुन्याचे' आहे. त्यातील सेरामाइड नावाच्या घटकांपैकी काहींच्या रचनेत लिनोलिक आम्ल असते. हे मेदाम्ल शरीर स्वतः तयार करू शकत नाही. 1929 मध्ये अमेरिकेत बर दांपत्याने उंदरांवरील प्रयोगांत दाखवून दिले की आहारातून स्निग्धांश पूर्णपणे वगळल्यास त्वचा खवलेदार होते व वाढ खुंटते. आवश्यक मेदाम्लांची कल्पना याच संशोधनातून पुढे आली.

करडईच्या पारंपरिक वाणांच्या तेलात लिनोलिक आम्लाचे प्रमाण साधारणतः 70 ते 80 टक्के असते. तिळाच्या तेलात लिनोलिक व ओलिक ही दोन्ही आम्ले जवळपास सारख्या प्रमाणात, प्रत्येकी 40 टक्क्यांच्या आसपास आढळतात. खोबरेलात निम्म्याच्या जवळपास लॉरिक आम्ल असते, तर ऑलिव्ह तेलात ओलिक आम्ल सर्वाधिक असते. ओलिक आम्ल स्निग्ध पापुद्र्यांची घडी विस्कटते, हे औषधे त्वचेतून आत पोहोचविण्याच्या तंत्रात पूर्वीपासून ज्ञात आहे. 2013 मध्ये इंग्लंडमधील शेफील्ड येथील अभ्यासात प्रौढांच्या हातावर काही आठवडे ऑलिव्ह तेल लावल्यावर त्वचेचे संरक्षक आवरण दुर्बल झालेले दिसले; सूर्यफुलाच्या तेलाने, ज्यात लिनोलिक आम्ल अधिक असते, तसे झाले नाही. उंदरांवरील 2002 मधील एका अभ्यासात मोहरीच्या तेलाने आवरण भरून येण्यास विलंब झाल्याचे आढळले होते.

पुण्यातील अभ्यास :

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर सर्वांत महत्त्वाचा पुरावा 2005 मधील आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील बालरोगतज्ज्ञांनी 120 नवजात बालकांचे प्रत्येकी 40 याप्रमाणे तीन गट केले. एका गटाला करडईचे, दुसऱ्याला खोबऱ्याचे तेल चोळण्यात आले. तिसऱ्याला तेल लावले नाही. प्रत्येक वेळी 5 मिलिलिटर तेल, दिवसातून चार वेळा, पाच दिवस असे प्रमाण होते. आधी व नंतर रक्त तपासले असता करडई गटात आवश्यक मेदाम्ले, तर खोबरेल गटात संपृक्त मेदाम्ले वाढलेली आढळली. पूर्ण दिवसांच्या बालकांत हा बदल अधिक ठळक होता आणि मसाजमुळे कोणताही दुष्परिणाम दिसला नाही. हे संशोधन 'इंडियन पेडिॲट्रिक्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले आहे.

बाळाच्या अंगात तेल 'जिरते' असे जे घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया म्हणत, त्याला येथे शब्दशः आधार मिळाला. परंतु या अभ्यासाने काय सिद्ध होत नाही, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. रक्तात मेदाम्ल वाढले म्हणजे त्वचा सुधारली असे नव्हे; पाच दिवसांच्या निरीक्षणावरून दीर्घकालीन परिणाम सांगता येत नाहीत. ढाक्यातील एका रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या बालकांना सूर्यफुलाचे तेल लावल्याने जंतुसंसर्गाची शक्यता 41 टक्क्यांनी घटल्याचे 2005 मध्येच 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. उलटपक्षी, मँचेस्टर येथे 115 निरोगी बालकांवर झालेल्या आणि 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ऑलिव्ह व सूर्यफूल या दोन्ही तेलांनी ओलावा वाढला, तरी स्निग्ध पापुद्र्यांची रचना तेल न लावलेल्या बालकांइतकी सुबक राहिली नाही. जे तेल दुर्बल बालकाला तारक ठरते ते सुदृढ बालकालाही तितकेच आवश्यक असेल, असे या पुराव्यावरून म्हणता येत नाही. त्वचेवर पुरळ, खरूज किंवा चिघळलेला भाग असताना 'तेलाने बरे होईल' म्हणून चोळत राहणे तर सर्वथा गैर आहे. नाका-कानात तेल सोडण्याची रीतही बंद व्हावयास हवी. नाकातील तेल श्वासावाटे फुप्फुसात जाऊन गंभीर आजार उद्भवू शकतो.

तेल कोणते मिळते ? :

आज या परंपरेपुढील खरी अडचण तेलाच्या उपलब्धतेची आहे. गेल्या काही दशकांत सोयाबीन व हरभऱ्याने करडईची जागा घेतली. काटेरी पिकाच्या काढणीला मजूर मिळत नाहीत, माव्याचा प्रादुर्भाव होतो आणि 1990 च्या दशकाच्या मध्यात खाद्यतेलाची आयात खुली झाल्यावर स्वस्त पामतेलापुढे करडईचा भाव टिकला नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाने 'शारदा', 'परभणी कुसुम' यांसारखे वाण दिले, तरीही क्षेत्र घटतच गेले. आपल्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना करडईचे फूल दाखविल्यास किती जण ओळखतील, याची शंका वाटते.

जे तेल मिळते तेही तपासून घ्यावे लागते. लिनोलिक आम्ल भरपूर असलेले तेल हवा व उजेडाने लवकर खवट होते. अशा तेलातील विघटित द्रव्ये त्वचेला क्षोभक ठरतात. पूर्वी घाण्यावरून आणलेले तेल थोड्या दिवसांत संपे, त्यामुळे हा प्रश्न फारसा येत नसे. आज लाकडी घाण्याचे तेल पारदर्शक बाटलीत, दुकानाच्या उन्हातील फळीवर महिनोन्‌महिने उभे असते. ते गडद बाटलीत, थंड जागी ठेवणे आणि वास बदलताच अंगाला लावण्याचे थांबविणे एवढी दक्षता सहज घेता येते. बाजारातील मिश्र तेलांवर करडईचे नाव ठळक आणि तिचे प्रमाण बारीक अक्षरांत असते, तेही वाचून घ्यावे.

याहून सूक्ष्म प्रश्न वाणाचा आहे. तळणासाठी टिकाऊ तेल मिळावे या हेतूने अलीकडे करडईचे उच्च ओलिक आम्ल असलेले वाण विकसित झाले आहेत. स्वयंपाकाच्या दृष्टीने ते उपयुक्त आहेत. परंतु त्यांच्या तेलातील मेदाम्लांची रचना जुन्या करडईपेक्षा ऑलिव्ह तेलाला अधिक जवळची असते, आणि पुण्यातील बालकांत आढळलेला लाभ आवश्यक मेदाम्लांशी निगडित होता. घाण्यावर दोन्ही बियांचे तेल 'करडईचे' म्हणूनच विकले जाते. रंगावरून वा वासावरून त्यांतील फरक घरी ओळखता येत नाही. त्यामुळे बाळासाठी तेल घेणाऱ्याने बी कोणत्या वाणाचे आहे हे घाणेवाल्याला विचारावे, आणि घाणेवाल्याला ते ठाऊक असावे यासाठी शेतकऱ्यानेही बी देताना ते सांगावे लागेल. रसायनशास्त्र विभागात आयोडीन मूल्य काढण्याचा प्रयोग दरवर्षी होतोच. लिनोलिक तेलाचे आयोडीन मूल्य ओलिक तेलापेक्षा स्पष्टपणे अधिक येते, म्हणून परिसरातील घाण्यांवरचे नमुने त्याच प्रयोगासाठी आणण्यास कोणताही जादा खर्च येणार नाही.