हप्ता महिन्याला, पट्टी हंगामाला

आळेफाट्याच्या उपबाजारात कांद्याची पट्टी हातात पडली की घरात गाडीचा विषय निघतोच. मग सल्ले सुरू होतात. त्यातले बरेचसे ऐकीव असतात.

नोकरीला लागलेल्या पोराला हमखास सांगतात, “दहा टक्केच व्याज आहे, घेऊन टाक.” दहा टक्के कशावर, हे विचारायचं राहून जातं. पाच लाखांचं कर्ज, मुदत पाच वर्षं, व्याज घटत्या शिलकीवर असेल तर हप्ता साधारण १०,६२४ रुपये आणि एकूण व्याज १ लाख ३७ हजार. तेच दहा टक्के ‘फ्लॅट’, म्हणजे शेवटपर्यंत मूळ रकमेवर, असतील तर व्याज अडीच लाख, हप्ता १२,५००. म्हणजे खरा दर सव्वासतरा टक्के! रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून सगळे आकार धरून येणारा वार्षिक दर एका पत्रकात लिहून द्यावा लागतो. सहीआधी ते मागून घ्या. मुदत सात वर्षांची केली तर घटत्या शिलकीवरचा हप्ता ८,३०० वर येतो खरा, पण व्याज साठ हजारांनी वाढतं.

“शेतकऱ्याला कोण कर्ज देतं? रोखच मोजायची.” हाही गैरसमजच. स्टेट बँकेसारख्या बँकांच्या कार कर्जात शेतकऱ्यांचा वेगळा गट आहे आणि त्यांना प्राप्तिकर विवरणपत्राची सक्ती नाही. उलट रोखीचीच अडचण आहे. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला २०१७ पासून मनाई आहे, आणि दंड घेणाऱ्याला होतो. त्यामुळे पिशवीभर नोटा नेल्या तरी शोरूमवाला हात जोडतो. गाडी दहा लाखांच्या वर असेल तर बिलावर एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आगाऊ घ्यायचा प्राप्तिकर, लागतो. शेतीचं उत्पन्न करमुक्त म्हणून विवरणपत्रच न भरणारे ही रक्कम सोडून देतात. पण ते भरलं आणि कर लागत नसेल, तर हे पैसे परत मिळतात.

खरी गोची वेगळीच आहे. ट्रॅक्टरच्या कर्जाला सहामाही हप्ता मिळतो, कारला बहुतेक ठिकाणी महिन्याचाच. शेतमालाच्या भावाचा मात्र नेम नसतो. २०२३ चा जुलै चढ्या भावामुळे टोमॅटोवाल्यांचा होता. १९ ऑगस्टला कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागलं, ८ डिसेंबरला निर्यातच थांबली, ती मे २०२४ मध्ये खुली झाली. माझं मत विचाराल तर चांगल्या पट्टीतून डाउन पेमेंट फुगवण्याआधी सहा हप्ते बाजूला टाकावेत. बराखीतला कांदा हप्त्यासाठी पडत्या भावात काढावा लागणं यासारखा महाग व्याजदर नाही.

“हप्ता गाडीच फेडेल, फाट्यावरून कल्याणच्या सीटा मारू,” हा हिशेब पांढऱ्या पाटीच्या गाडीवर मांडूच नये. खासगी विम्यात भाड्याची वाहतूक बसत नाही. अपघात झाला तर कंपनी दावा नाकारू शकते.

साठी ओलांडली की लायसन संपतं, असंही वडीलधाऱ्यांना वाटतं. पंचावन्ननंतर ते पाच-पाच वर्षांनी नव्याने करून मिळतं, सोबत डॉक्टरांचा दाखला लागतो. जुनी गाडी विकली की विम्यातला नो क्लेम बोनस बुडतो, हाही गैरसमजच. तो मालकाकडेच राहतो आणि नव्या गाडीच्या विम्याला लावता येतो. तो ५० टक्क्यांपर्यंत जातो.

गाडी भाच्याला दिली, पैसे आले, पण नाव तेच राहिलं, असं घरोघरी आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये स्पष्ट केलं, की नोंदणीवर ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची. फॉर्म २९ आणि ३० भरून नाव बदलल्याशिवाय किल्ली देऊ नये, मग घेणारा घरचा का असेना.

आणि शेवटचा हप्ता फिटला म्हणून आरसीवरचा बोजा आपोआप उतरत नाही. सातबाऱ्यावरचा तरी कुठे उतरतो? बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन आपल्या एमएच-१४ च्या, म्हणजे पिंपरी-चिंचवडच्या आरटीओकडे अर्ज करावा लागतो. त्या पत्राला मुदत असते. ते कपाटात ठेवून विसरू नये.