आत्यालाही विचारा
(पाळी आणि पीसीओएस : लेखांक चौथा)

पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम) असलेल्या मुलीच्या सोनोग्राफी रिपोर्टमधल्या ‘गाठी’ म्हणजे वाढ अर्ध्यावर थांबलेली फॉलिकल्स (अंडाशयातल्या बीजाच्या पिशव्या), ती कापून काढायची नसतात, हे मागच्या लेखात पाहिलं. त्यावर आयांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो : मग आमच्याच पोरीला हे का?

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात या प्रश्नाला आता शेगावची जोड मिळाली आहे. २०२४ संपून २०२५ उजाडताना शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत बघता बघता बायका, पुरुष, लेकरं, सगळ्यांचे केस गळाले. आयसीएमआरचं पथक आलं. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी आपल्या तपासणीनंतर रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. तेव्हापासून फणीत गुंतवळ जरा जास्त आलं की पाण्यावर नाहीतर गव्हावर संशय जातो. पीसीओएसमधलं केस गळणं तसं अख्ख्या गावाला एकदम धरत नाही. भांगाजवळची जागा वर्षानुवर्षं विरळ होत जाते, हनुवटीवर राठ केस येतात, मुरमं हटत नाहीत आणि पाळी दोन-दोन महिने लांबते. याचं मूळ शोधायचं तर घराण्यात डोकवावं लागतं.

नेदरलँड्समध्ये जुळ्या बहिणींचा अभ्यास झाला, तो २००६ साली प्रसिद्ध झाला. एकसारख्या जुळ्यांमध्ये एकीला पीसीओएस असेल तर दुसरीलाही असण्याचं प्रमाण, वेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांपेक्षा बरंच जास्त निघालं. कोणाला पीसीओएस होतो आणि कोणाला नाही, या फरकात सुमारे ७० टक्के वाटा आनुवंशिकतेचा, असं संशोधकांनी मांडलं. म्हणून ‘बाहेरचं खाते म्हणून झालं’ असं मुलीला टोचून बोलणं थांबवा. ते खरंही नाही आणि त्यानं ती दवाखान्यात यायची बंद होते.

मात्र सिकलसेलसारखा एकच जनुक इथे सापडत नाही. २०११ मध्ये चिनी संशोधकांनी हजारो स्त्रियांचे नमुने तपासून गुणसूत्रांवरच्या तीन जागा दाखवल्या. २०१८ पर्यंत, युरोपीय वंशाच्या स्त्रियांच्या मोठ्या अभ्यासात, हा आकडा १४ वर गेला. प्रत्येक जागेचा परिणाम लहान. त्यामुळे ‘पीसीओएसची जनुकीय चाचणी’ म्हणून कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका. निदानासाठी तशी चाचणी नाही. या जागांवरचे काही जनुक मेंदूकडून अंडाशयाला येणाऱ्या संप्रेरकांशी संबंधित आहेत. डेन-एन-डी-वन-ए नावाच्या जनुकाचं एक रूप अंडाशयातल्या पेशींना पुरुषी संप्रेरकं जास्त बनवायला लावतं, हे प्रयोगशाळेत दिसलं आहे.

दुसरा धागा इन्सुलिनचा. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की स्वादुपिंड ते आणखी सोडतं. हे वाढलेलं इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी संप्रेरकं वाढवायला सांगतं आणि त्या संप्रेरकांना बांधून ठेवणारं यकृतातलं प्रथिनही कमी करतं. त्याची खूण मानेवर दिसते. मानेच्या मागे मखमलीसारखा जाडसर काळा पट्टा येतो. आई बेसन लावते, लिंबू चोळते, मान लाल होईस्तोवर घासते; पट्टा जात नाही, कारण तो मळ नसतो. असा पट्टा दिसला तर साखर तपासून घ्या, मुलगी कितीही बारीक असली तरी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलं आहे, की आपली बाळं जन्मतः वजनानं कमी असूनही अंगात चरबी राखून असतात. वजनकाट्यावर भरवसा ठेवून चालत नाही.

इथेच वडिलांचं घराणं येतं. डॉक्टरांनी विचारलं तर आई माहेरचं सांगते : माझी पाळी अशी, मावशीला मूल उशिरा झालं. पण हे जनुक बापाकडूनही येतात. पुरुषाला अंडाशय नाही, म्हणून त्याच्यात ते वेगळ्या रूपात दिसतात : कमी वयात मधुमेह, सुटलेलं पोट, लवकर पडलेलं टक्कल. प्रत्येक टकल्या बापाच्या मुलीला पीसीओएस होतो असं अजिबात नाही. पण आत्याची पाळी, आजीची साखर आणि काकाचा हृदयविकार एका कागदावर आले की डॉक्टरांना दिशा मिळते.

आत्या मात्र सहसा सांगत नाही. स्थळं बघण्याच्या वयात ‘पाळीचा प्रॉब्लेम’ घरातच दाबला जातो आणि पुढच्या पिढीतली मुलगी त्याची किंमत मोजते. तीन महिन्यांहून जास्त पाळी चुकत राहिली तर गर्भाशयाचं अस्तर साचत जातं आणि पुढे त्याच्या कर्करोगाचा धोका वाढतो, म्हणून मला या गुप्ततेचा राग येतो.

उलट टोकाची घाईही नको. मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेनं तरुण मुलींची पाहणी केली, ती २०१४ मध्ये छापून आली. एका निकषानं २२.५ टक्के मुलींना पीसीओएस निघाला, दुसऱ्या, कडक निकषानं १०.७ टक्के. पाळी सुरू झाल्यावर पहिली काही वर्षं ती अनियमित असणं स्वाभाविक असतं, आणि २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षं सोनोग्राफीवरून निदान करूच नये. चौदा वर्षांच्या मुलीवर नुसत्या रिपोर्टवरून शिक्का मारून घेऊ नका.

तेव्हा जिल्हा स्त्री रुग्णालयात किंवा खामगावच्या सामान्य रुग्णालयात जाताना दोन कागद सोबत घ्या : सहा महिन्यांच्या पाळीच्या तारखा, आणि दोन्हीकडच्या घराण्यात कोणाला काय आहे याची यादी. पुढच्या लेखात गोळ्यांविषयी.