विश्लेषण : प्लॅन १०० एमबीपीएसचा, तरी मागच्या खोलीत रेंज नाही... कंपनीचा राउटर बदलावा का?

धान विक्रीची ऑनलाइन नोंदणी, शिष्यवृत्तीचा अर्ज, मुलांची शिकवणी, दुकानातील सीसीटीव्ही... गोंदिया जिल्ह्यातही आता बरीच कामे घरच्या वाय-फायवर चालतात. नेट अडकले की ग्राहक कंपनीला फोन करतो आणि अनेकदा उत्तर मिळते, ‘मोठा प्लॅन घ्या’. दरमहा दोन-तीनशे रुपये जास्त भरूनही मागच्या खोलीतील व्हिडिओ फिरतच राहतो. अशा वेळी दोष प्लॅनचा नसून कंपनीने बसवलेल्या राउटरचा किंवा त्याच्या जागेचा असू शकतो. तो कसा ओळखायचा आणि राउटर खरोखरच बदलायचा झाल्यास काय करायचे?

इंटरनेट आणि वाय-फाय यात फरक काय?

घरापर्यंत फायबरने येते ते इंटरनेट. त्या डब्यापासून मोबाइलपर्यंत हवेतून जाते ते वाय-फाय. केंद्र सरकारने २०२३च्या जानेवारीत ब्रॉडबँडची किमान मर्यादा ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएस केली. आजचे घरगुती प्लॅन त्याच्या कितीतरी पुढे आहेत. म्हणजे तारेतून येणारा वेग बहुतेक घरांच्या गरजेला पुरेसा असतो. अडते ते शेवटच्या तीस-चाळीस फुटांत.

आणखी एक घोळ आकड्यांचा. प्लॅनवर ‘एमबीपीएस’ म्हणजे मेगाबिट लिहिलेले असते, तर फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये असतो. आठ बिटांचा एक बाइट. त्यामुळे १०० एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट उतरतात. डाउनलोडच्या पट्टीवर १२ दिसले म्हणून फसवणूक झाली असे नाही.

दोष कुठे आहे, हे कसे ओळखाल?

यासाठी दहा मिनिटे पुरतात. मोबाइलचा डेटा बंद करा, घरातील टीव्ही आणि इतर फोन वाय-फायवरून काढा. लॅपटॉप असेल तर तो लॅन केबलने थेट डब्याला जोडून वेग मोजा. लॅपटॉप नसेल तर डब्यापासून तीन-चार फुटांवर उभे राहून मोबाइलवर मोजा. मग नेहमी अडचण येते त्या खोलीत तीच चाचणी करा.

डब्याजवळच वेग प्लॅनच्या निम्म्याहून कमी असेल, तर आधी मोबाइल ५ गिगाहर्ट्झवर आहे ना, ते पाहा. केबल लावूनही वेग कमीच असेल, तर दोष लाइनचा किंवा कंपनीचा. तिथे नवा राउटर आणून उपयोग नाही. डब्याजवळ ९० आणि मागच्या खोलीत ५ दिसत असेल, तर दोष वाय-फायचा. तिथे मोठा प्लॅन घेऊन उपयोग नाही. डब्यावर ‘एलओएस’ नावाचा लाल दिवा लागलेला असेल तर फायबरचा प्रकाशच पोहोचत नाही, असे समजून थेट तक्रार करावी.

कंपनीच्या डब्यात कमी काय असते?

सगळेच डबे वाईट नसतात. पण जोडणीसोबत ‘मोफत’ मिळणारा डबा अनेकदा स्वस्तातला किंवा जुना असतो. त्यात तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, तो फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतो की ५ गिगाहर्ट्झवरही. २.४ची लहर लांब जाते, भिंती बऱ्यापैकी ओलांडते, पण वेग कमी देते आणि शेजारपाजारचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह ओव्हन अशा सगळ्यांची गर्दी त्याच पट्ट्यात असते. ५ची लहर वेगवान, पण भिंतीपाशी लवकर थकते.

दुसरी गोष्ट लॅनच्या पोर्टची. डब्यावर ‘३०० एमबीपीएस’ लिहिलेले असते, पण पोर्ट मात्र १०० एमबीपीएसचा असतो. अशा पोर्टमधून प्रत्यक्षात ९४-९५च्या वर वेग जात नाही. २०० एमबीपीएसचा प्लॅन घेतलेल्याचे निम्मे पैसे इथेच अडकतात. शिवाय ते ३०० हा हवेतला कागदोपत्री वेग असतो. प्रत्यक्षात त्याच्या साधारण निम्माच हाती येतो.

तिसरी, वाय-फायची पिढी. वाय-फाय ४ हे मानक २००९चे, वाय-फाय ५ त्यानंतर चार-पाच वर्षांनी आले, तर वाय-फाय ६ची प्रमाणपत्रे २०१९पासून मिळू लागली. घरात आठ-दहा उपकरणे एकाच वेळी चालत असतील तर वाय-फाय ६चा फरक जाणवतो. मात्र मोबाइल जुना असेल तर नव्या राउटरचा पूर्ण लाभ मिळत नाही.

पैसे न खर्चता काय करता येईल?

आधी डब्याची जागा पाहा. तंत्रज्ञ फायबर जिथून आत येते तिथेच, म्हणजे सपरीत किंवा दाराजवळच्या कोपऱ्यात डबा ठोकून जातो. घर लांबट असेल तर मागचे स्वयंपाकघर चार भिंती पलीकडे राहते. मातीच्या जाड भिंती, स्लॅबमधील लोखंडी सळया आणि टिनाचे पत्रे हे तिन्ही वाय-फायचे शत्रू. कौलारू घरापेक्षा पत्र्याच्या शेडमध्ये रेंज अचानक तुटते ती यामुळेच. धातू लहर परतवून लावतो. पाण्याची टाकी आणि फ्रिजही वाटेत नको.

डबा घराच्या मध्यावर, पाच-सहा फूट उंचीवर, मोकळ्यावर ठेवावा. टीव्हीच्या मागे, कपाटात किंवा लोखंडी आलमारीवर नको. त्यासाठी फायबर वाढवायची असेल तर कंपनीच्या माणसाकडूनच वाढवून घ्यावी. ही काचेची तार आहे. ती घडी घालून खिळ्याला बांधली तर प्रकाश गळतो. दुसरा उपाय सेटिंगमध्ये. २.४च्या पट्ट्यात १, ६ आणि ११ हे तीनच चॅनेल एकमेकांवर चढत नाहीत. शेजारचे राउटर ६वर असतील तर आपला १ किंवा ११वर न्यावा.

कंपनीचा डबा काढून टाकता येतो का?

इथेच बहुतेकांची गफलत होते. फायबरच्या जोडणीत घरचा डबा दोन कामे करतो. फायबरमधील प्रकाशाचे विजेच्या संकेतात रूपांतर करतो आणि वाय-फाय देतो. पहिल्या कामाच्या यंत्राला ‘ओएनटी’ म्हणतात. त्याचा अनुक्रमांक कंपनीच्या यंत्रणेत नोंदलेला असतो. बाजारातून दुसरा आणून जोडला तर नोंद नसल्याने तो चालत नाही. त्यामुळे ओएनटी ठेवायचा आणि नवा राउटर त्याच्या मागे जोडायचा, हा सरळ मार्ग.

काही केबल व्यावसायिकांकडे मात्र फायबरचा छोटा डबा वेगळा आणि राउटर वेगळा असतो. तिथे राउटर थेट बदलता येतो. पण आधी जोडणीचे युजरनेम आणि पासवर्ड मागून घ्यावेत. जुन्या राउटरची ओळख, म्हणजे ‘मॅक अ‍ॅड्रेस’, लाइनशी बांधलेली असेल तर तीही बदलून घ्यावी लागते.

जुना डबा भंगारात देऊ नका. तो बहुतेक वेळा कंपनीच्या मालकीचा असतो आणि त्यावर अनामत भरलेली असू शकते. जोडणी बंद करताना तो परत करून पावती घ्यावी.

नवा राउटर जोडायचा कसा?

सर्वात सोपी पद्धत ‘अ‍ॅक्सेस पॉइंट मोड’ची. ओएनटीच्या लॅन पोर्टमधून केबल नव्या राउटरच्या ‘वॅन’ पोर्टमध्ये लावायची, राउटरच्या अ‍ॅपमधून हा मोड निवडायचा आणि ओएनटीचे वाय-फाय बंद करायचे. नव्या राउटरला जुनेच नाव आणि पासवर्ड दिला तर टीव्ही, कॅमेरे, फोन बहुधा आपोआप जोडले जातात. सीसीटीव्ही आणि स्मार्ट दिवे अनेकदा फक्त २.४वरच चालतात, म्हणून तो पट्टा बंद करू नये.

दुसरी पद्धत ‘ब्रिज मोड’ची. यात ओएनटी फक्त फायबरचे काम करतो आणि बाकी सारे नवा राउटर सांभाळतो. पण कंपनीचा लँडलाइन किंवा टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स त्याच डब्यावर असेल तर तो बंद पडू शकतो. आधी विचारून मगच हा मार्ग घ्यावा.

केबल लावण्याचा मोठा फायदा असा, की राउटर मधल्या खोलीत नेता येतो. ‘कॅट ६’ केबल १०० मीटरपर्यंत चालते. कुठल्याही घराला ती पुरे.

कोणता घ्यावा, खर्च किती?

दोन्ही पट्टे आणि ‘गिगाबिट’ पोर्ट असलेला साधा राउटर साधारण दोन ते तीन हजारांत मिळतो. खोक्यावरील ‘एसी १२००’सारखा आकडा दोन्ही पट्ट्यांच्या वेगाची बेरीज असतो, एका मोबाइलला तेवढा वेग कधीच मिळत नाही. अँटेनांची संख्या पाहून भुलू नये. दुमजली किंवा लांबट घराला एका महागड्या राउटरपेक्षा केबलने जोडलेले दोन साधे राउटर चांगले. केबल टाकणे शक्य नसेल तर ‘मेश’ संच घ्यावा. स्वस्त एक्स्टेंडर रेंजच्या कांड्या वाढवतो, पण तीच लहर झेलून पुन्हा फेकत असल्याने वेग निम्म्यावर येतो.

वीज गेली तर?

खांबावरील फायबरच्या विभाजकाला वीज लागत नाही. त्यामुळे घरच्या डब्याला वीज मिळत राहिली तर भारनियमनातही नेट चालू शकते. त्यासाठी छोटा डीसी यूपीएस मिळतो. नवा राउटर वेगळा असेल तर आता दोन यंत्रांना वीज लागणार, हे लक्षात ठेवावे आणि अ‍ॅडॉप्टरवरील व्होल्ट जुळतात का ते पाहावे. पावसाळ्यात विजा कडाडू लागल्या की अ‍ॅडॉप्टर सॉकेटमधून काढावा. काचेतून वीज येत नाही. राउटर जळतो तो अ‍ॅडॉप्टरच्या वाटेने किंवा खांबावरून ओढलेल्या लॅनच्या तारेने.

शेवटचे काम कोणते?

राउटर चालू झाला की त्याच्या सेटिंगचा मूळ पासवर्ड बदलावा, ‘डब्ल्यूपीए २’ किंवा ‘३’ निवडावे आणि सॉफ्टवेअर अद्ययावत करावे. शेजाऱ्यांना नेट द्यायचेच असेल तर वेगळे ‘गेस्ट’ नेटवर्क द्यावे. जोडणी तुमच्या नावावर आहे. तिच्यावरून काही गैरप्रकार झाला तर पहिली चौकशी तुमच्याकडे येईल.

आणि केबल लावूनही वेग मिळत नसेल तर खिशात हात घालू नका. कंपनीकडे तक्रार करून क्रमांक घ्या. समाधान झाले नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येते. ‘ट्राय’ वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, पण ही दोन टप्प्यांची व्यवस्था तिच्याच २०१२च्या नियमांनी बंधनकारक आहे. चाचणीचे स्क्रीनशॉट तारीख-वेळेसह जपून ठेवा; तक्रारीत तेच कामी येतात.