काळ्या पात्याची सुरी होताना

ग्वाल्हेरच्या बिडलानगरात, जियाजीराव कॉटन मिलच्या जुन्या वस्तीत, आमच्या ओट्यावर गेला आठवडा एकच उद्योग चालला होता. रस्त्याकडेच्या गाडिया लोहारांकडून ट्रकच्या कमानपट्ट्याचं पातं घडवून आणलं होतं. या पोलादात साधारण ०.६ टक्के कार्बन असतो, म्हणून ते धार धरतं.

आधी कानस फिरवून पाहिली. ती काचेवरून सरकावी तशी घसरली, म्हणजे पात्याला पाणी छान चढलंय! पुढचं काम मग कार्बोरंडमच्या दगडावर. ग्राइंडर मुद्दाम टाळला. त्यावर पातळ कड क्षणात तापते, आणि निळी झाली की पाणी उतरलंच समजा.

खरी मजा पॉलिश पेपरची. लाकडी ठोकळ्यावर १२० नंबरचा ओला कागद ताणून आडवा घासायचा, मग २२० उभा, मग ४०० पुन्हा आडवा. दिशा बदलली की आधीचे ओरखडे लगेच उठून दिसतात. ते पूर्ण जाईपर्यंत पुढचा नंबर घ्यायचा नाही. खिडकीच्या तिरप्या उजेडात पातं धरा, एकही रेघ लपत नाही.

मुठीला शिसम, पितळी खिळे, वर जवसाचं तेल. तेलाची चिंधी मात्र बोळा करून टाकू नका, आपोआप पेटू शकते; उघडी पसरून वाळवा.

काल पहिलं लिंबू कापलं. पुसायला जरा उशीर झाला, तर पात्यावर करडी निळसर छटा उमटली. फार सुंदर दिसते!