डेंट्री नदींतील नौकाप्रवास आणि लहान मुलें

सुटीचे दिवस जवळ आले कीं मुलांना कोठें न्यावें, हा प्रश्न घरोघरीं निघतो. मोठ्या माणसांस जें स्थळ रम्य वाटतें तें लहान मुलांस रम्य वाटेलच असें नाहीं. आणि जेथें सौंदर्याच्या शेजारीं धोकाही वसत असतो, तेथें मुलांना नेण्यापूर्वीं पालकांनीं विशेष विचार केला पाहिजे. 2024 सालच्या मे महिन्याच्या सुटींत असा विचार करण्याचा प्रसंग आमच्यावर आला. आमचे धाकटे बंधु ऑस्ट्रेलियांत ब्रिस्बेन येथें राहतात. त्यांच्याकडे गेलों असतां, त्यांची सात वर्षांची मुलगी व पांच वर्षांचा मुलगा यांना घेऊन आम्ही सर्व मंडळी क्वीन्सलंडच्या उत्तर भागांतील डेंट्री नदी पाहावयास गेलों. या नदीच्या तीरांवर घनदाट वर्षावन आहे आणि तिच्या पाण्यांत मगरींची वस्ती आहे. अशा ठिकाणीं लहान मुलांना नौकेंतून न्यावें काय, आणि न्यावयाचें तर कोणत्या तयारीनें, हें आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावें, म्हणून हा लेख लिहीत आहों. आमच्या हातून घडलेली एक चूकही आम्हीं त्यांत लपविलेली नाहीं.

डेंट्री नदी केर्न्स शहराच्या उत्तरेस सुमारें 100 किलोमीटरांवर आहे. 1873 सालीं जॉर्ज एल्फिन्स्टन डॅलरिंपल यानें रिचर्ड डेंट्री या भूगर्भशास्त्रज्ञाचें नांव तिला दिलें. परंतु त्यापूर्वीं हजारों वर्षें कुकू यलांजी लोक या प्रदेशांत राहत आलेले होते. 1988 सालीं येथील वर्षावनाचा समावेश जागतिक वारशांत झाला, आणि 2021 सालीं डेंट्री राष्ट्रीय उद्यानाची मालकी पूर्व कुकू यलांजी लोकांस परत देण्यांत आली. वाटेंत मुलांस आम्हीं एवढेंच सांगितलें कीं, आपण दुसऱ्याच्या घरीं पाहुणे म्हणून चाललों आहों. पाहुण्यानें कसें वागावें हें मुलांस ठाऊक असतें; निराळा उपदेश करावा लागत नाहीं.

प्रथम ऋतूचा विचार करूं. तो प्रदेश दक्षिण गोलार्धांत असल्यामुळें तेथील उन्हाळा-हिवाळा आपल्या उलट असतो. डिसेंबरपासून मार्चपर्यंत तेथें मुसळधार पाऊस पडतो. डिसेंबर 2023 मध्यें तर या नदीस मोठा महापूर आला होता. म्हणून लहान मुलांसह जावयाचें तर मेपासून सप्टेंबरपर्यंतचा कोरडा काळ चांगला. त्यांतही थंडीचे दिवस मगरी पाहण्यास अधिक अनुकूल असतात. मगरीचें रक्त आपल्याप्रमाणें स्वतः उष्ण राहत नाहीं. शरीरास ऊब आणण्यासाठीं तिला उन्हांत येऊन पडावें लागतें. थंड दिवसांत ओहोटीच्या वेळीं नदीकांठचा चिखल उघडा पडतो आणि तेथें ती निवांत पडलेली दिसते. म्हणून निघण्यापूर्वीं भरती-ओहोटीची वेळ पाहून ठेवावी.

या फेऱ्या बहुधा तासाभराच्या असतात, आणि लहान मुलांना तेवढाच वेळ पुरे होतो. निघण्यापूर्वीं मुलांस थोडें खाऊं घालावें व लघुशंकेस नेऊन आणावें. कारण नौका एकदां निघाली कीं मध्येंच उतरतां येत नाहीं. टोपी, अंगभर सुती कपडे, पिण्याचें पाणी व डांसांसाठीं लावण्याचें मलम बरोबर असावें. मुलाच्या अंगास बेताचें बसेल असें तरंगजाकीट मिळेल कीं नाहीं, याची चौकशी आगाऊ करावी. मोठ्या माणसाचें जाकीट लहान मुलाच्या खांद्यांवरून निसटून जातें. त्याचा उपयोग नाहीं.

आतां आमच्या चुकीविषयीं. आदल्या रात्रीं धाकटा मुलगा निजावयास तयार नव्हता. तेव्हां आम्हीं थट्टेनें म्हटलें, "ऐकलें नाहींस तर उद्यां मगर तुला घेऊन जाईल." तो निमूटपणें निजला, आणि आम्हांसही त्या वेळीं बरें वाटलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मात्र धक्क्यावर येतांच त्यानें आईचा पदर घट्ट धरला आणि नौकेंत पाय ठेवण्याचें साफ नाकारलें. त्याचे ओठ थरथरत होते. "काका, मी रात्रीं लवकर निजलों, तरी ती मला नेणार कां?" असें त्यानें विचारलें, तेव्हां आम्हांस आपली लाज वाटली. इतकीं वर्षें मुलांना शिकवून जी गोष्ट आम्हांस कळावयास हवी होती, ती पांच वर्षांच्या मुलानें शिकविली.

पहिली नौका आम्हीं जाऊं दिली. पाण्यापासून दूर एका बांकावर बसून आम्हीं त्यास प्रथम सांगितलें कीं, काल आम्ही बोललों तें खोटें होतें. वाईट मुलें निवडून नेणारी मगर कोठेंच नसते. मग खरें काय तेंही सांगितलें. मगर ही शिकारी प्राणी आहे. ती पाण्याखालीं पुष्कळ वेळ राहूं शकते, म्हणून पाणी शांत दिसलें तरी तेथें कोणी नाहीं असें समजूं नये. कांठावरील प्राण्यावर ती एकाएकीं झेप घालते. म्हणून पाण्याच्या कडेपासून निदान 5 मीटर दूर राहावें, अशी तेथील सरकारची सूचना आहे. नौकेंत असतांना हात-पाय बाहेर काढावयाचे नाहींत आणि खाण्याचा एकही तुकडा पाण्यांत टाकावयाचा नाहीं. कारण माणसापाशीं अन्न मिळतें असें मगरीस एकदां कळलें, तर ती माणसाजवळ येऊं लागते. "हे नियम आपण पाळूं, आणि नौका चालविणारे काकाही पाळतील," असें आम्हीं म्हटलें. त्यानें थोडा विचार केला आणि आपले दोन्ही हात मांडीवर ठेवून दाखविले. दुसऱ्या नौकेंत तो आमच्या शेजारीं बसला.

पालकांनीं येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. मुलास नुसतें भिवविलें तर तें डोळे मिटून घेतें. धोका नाहींच असें सांगितलें तर तें हात बाहेर काढतें. नियमाबरोबर त्याचें कारण सांगितलें म्हणजे तें डोळे उघडे ठेवतें आणि हातही आवरतें. आणखी एक. "आज मगर दाखवितों" असें वचन मुलांस कधीं देऊं नये. अरण्य हा कांहीं प्राण्यांचा खेळ नव्हे. "आज नदी दाखवितों" एवढेंच म्हणावें. नदी तर दिसतेच.

आणि त्या नदींत पाहण्यासारखें थोडें नाहीं. समुद्राची भरती तिच्या मुखांतून आंत येते, म्हणून खालच्या भागांत पाणी मचूळ असून कांठीं खारफुटीचीं झाडें आहेत. आपल्या कोंकणांतील खाड्यांवर वाढणारा तिवर येथेंही आढळतो. चिखलांत मुळांस हवा मिळत नाहीं, म्हणून त्याचीं मुळें पेन्सिलींसारखीं जमिनींतून वर येतात व श्वासोच्छ्वास करतात. अंगांत आलेलें जास्तीचें मीठ तो पानांवाटे बाहेर टाकतो. कांदळाचें बीं झाडावर असतांनाच रुजतें, आणि लांबट कोंब तयार होऊन मगच तें खालीं पडतें. हें ऐकून मुलीनें झाडावर लोंबणारे असे कोंब मोजावयास आरंभ केला, आणि पुढील दहा मिनिटें ती एक शब्दही बोलली नाहीं. फांदीवर निळाशार खंड्या बसलेला होता. फ्रॉगमाउथ नांवाचा एक पक्षी तर इतका निश्चल होता कीं, मोडक्या फांदीचें खोड समजून आम्ही मोठी माणसें त्यास ओलांडूनच पुढें गेलों असतों.

शेवटीं एका वळणावर नौका मंदावली. आम्ही सर्व दूरच्या चिखलाकडे मोठी मगर शोधीत होतों. इतक्यांत मुलगा हात मांडीवरच ठेवून केवळ हनुवटीनें खूण करीत हळूच म्हणाला, "तें पाहा." जवळच एका ओंडक्यावर वीतभर लांबीचीं मगरीचीं दोन पिलें ऊन खात होतीं. नौका चालविणाऱ्या गृहस्थांनीं त्यांची हकीकत सांगितली. मादी पालापाचोळा व चिखल यांचें घरटें करून त्यांत सुमारें 50 अंडीं घालते आणि जवळ राहून त्यांची राखण करते. अंडीं ज्या उष्णतेंत उबतात तिच्यावरून पिलूं नर होणार कीं मादी हें ठरतें. पिलांचा आवाज येऊं लागला कीं ती घरटें उकरते आणि त्यांना आपल्या जबड्यांत अलगद धरून पाण्यांत नेते. इतकें करूनही शंभरांतून एखादेंच पिलूं मोठें होतें. बाकीचीं पक्षी, मासे व इतर मगरी यांच्या भक्ष्यस्थानीं पडतात. कातड्यासाठीं झालेल्या बेसुमार शिकारीमुळें ही जात येथें फार कमी झाली होती. 1974 सालीं क्वीन्सलंडमध्यें तिला कायद्याचें संरक्षण मिळालें.

मुलानें सर्व ऐकून घेतलें आणि विचारलें, "मग त्यांची आई आतां कोठें आहे?" कोणासच ती दिसत नव्हती. "येथेंच कोठें तरी असेल," असें उत्तर मिळालें. तेव्हां त्यानें पाण्याकडे पुनः पाहिलें. तें भय आदल्या रात्रीचें नव्हतें. त्यांत आतां आदर मिसळला होता. नौका धक्क्यास लागेपर्यंत त्याचे हात मांडीवरच होते, आणि तसें ठेवण्यास त्यास कोणीं सांगितलें नव्हतें.

डेंट्री नदी दूर आहे. आमच्या वाचकांपैकीं थोड्यांसच तेथें जाण्याचा योग येईल. परंतु चिपळूणजवळ वाशिष्ठीच्या पात्रांत गोड्या पाण्यांतील मगरी आहेत व त्या पाहण्यासाठीं तेथें नौका जातात. ओडिशांतील भितरकनिकाच्या खाड्यांत तर डेंट्रीचीच जात नांदते. तेथें मुलांस अवश्य न्यावें. मात्र निघण्याच्या आदल्या रात्रीं त्यांस काय सांगावयाचें, याचा विचार मोठ्या माणसांनीं आधीं करावा. मुलें आपलें सांगणें विसरत नाहींत. म्हणून तें खरें असलें पाहिजे.