लेकीचा प्रोजेक्ट विकत आणू नका

मैत्रिणींनो, तुमची मुलगी इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर होऊ घातली असेल, तर शेवटच्या वर्षी घरात एक विषय हमखास निघतो. ‘तयार प्रोजेक्ट मिळतो म्हणे बाजारात. आणून टाकू या, कशाला पोरीनं रात्ररात्र जागायचं?’ सूचना मायेपोटीच येते. पण पैसे काढण्याआधी जरा ऐका.

तिच्या अभ्यासात ‘डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग’ नावाचा विषय असतो. नाव मोठं, पण सार सोपं आहे. आवाज मोजून त्याचे आकडे करायचे, आकड्यांवर हिशेब करायचा नि पुन्हा त्यांचा आवाज करायचा. समजा, सेकंदाला १६,००० मापं घेतली, तर दोन मापांमध्ये वेळ मिळतो फक्त ६२.५ मायक्रोसेकंद. तेवढ्यात हिशेब उरकायलाच हवा. आपलं पोळ्यांचं असतं ना, तसंच! तव्यावरची भाजून होईतो पुढची लाटून तयार लागते. इथे हिशेब मागे पडला, की आवाज खरखरतो, तुटतो. वहीतलं गणित अगदी बरोबर असलं तरीही!

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीनं १९७८ साली मुलांना स्पेलिंग शिकवणारं बोलकं खेळणं काढलं. पुढे अशा हिशेबासाठी तिनं बनवलेले छोटे बोर्ड जगभरच्या कॉलेजांत विद्यार्थ्यांच्या हाती आले. त्यांवरचा एक गमतीचा प्रयोग म्हणजे बोलणं लपवणारं यंत्र. ३००० हर्ट्झच्या वरचे सूर गाळून टाकायचे, उरलेल्या आवाजाला ३३०० हर्ट्झच्या सुरानं गुणायचं आणि पुन्हा गाळायचं. ३०० चा खर्ज ३००० वर चढतो, ३००० चा सूर ३०० वर उतरतो. शब्द ओळखू येत नाहीत. तोच आवाज पुन्हा याच कृतीतून काढला, की बोलणं पूर्ववत!

विकतच्या डब्यातूनही हे ऐकू येईल, बरं का. पण आवाज खरखरला तर का, हे तिला सांगता येणार नाही. उद्या हीच मुलगी कुणा आजींच्या कानातलं यंत्र घडवील. तिथे हिशेब रेंगाळला, तर समोरच्याचे ओठ आधी हलतील नि शब्द मागून येतील.

तेव्हा बोर्ड, माईक, स्पीकर यांचे पैसे जरूर द्या. तिच्या मैत्रिणी जमतील, त्यांच्यासाठी कढईभर पोहे टाका. आणि पहिल्यांदा यंत्र सुरू होईल तेव्हा माईकसमोर तुम्हीच बोला. खरखर ऐकू आली, तर हसू नका. ‘आता काय बदलणार?’ एवढंच विचारा.