मुरुमांचे व्रण आणि फिलर : रूप, आरोग्य आणि अहिंसा

चातुर्मास संपून कार्तिकी पौर्णिमा उलटली की शेवगावच्या बाजारपेठेत दोन हंगाम एकाच वेळी सुरू होतात. एक कापसाचा आणि दुसरा विवाहाचा. जिनिंगच्या वाटेला कापसाच्या गाड्या लागतात, तर घरोघरी बायोडाटा, छायाचित्रे आणि परिचय संमेलनाचे अर्ज कपाटातून बाहेर निघतात. याच दिवसांत ज्या घरातील मुलीच्या किंवा मुलाच्या गालांवर मुरुमांचे खोल व्रण राहिलेले असतात, त्या घरात एक अबोल चिंता वावरू लागते. छायाचित्रकाराने संगणकावर गाल गुळगुळीत करून दिलेले असतात. प्रत्यक्ष भेटीत मात्र खिडकीतून आडवा उजेड पडला की प्रत्येक खळगा दिसतो.

अशा वेळी कोणीतरी सुचवते, ‘पुण्याला जा, फिलर भरून घ्या, एका दिवसात चेहरा बदलतो.’ हा सल्ला अगदीच खोटा नाही, परंतु पूर्ण खराही नाही. पैसा, प्रकृती आणि आचारधर्म या तिन्हींशी त्याचा संबंध असल्याने तो नीट पारखून घेणे अगत्याचे आहे.

व्रण म्हणजे नेमके काय?

मुरूम खोलवर पिकतो तेव्हा त्वचेच्या आतील थराला इजा होते. त्वचेला भरीवपणा देणारे कोलॅजेन नावाचे तंतू तेथे नष्ट होतात आणि ती जागा खचते. खचलेल्या जागेच्या कडेची सावली तळावर पडते आणि डोळ्यांना खड्डा दिसतो. म्हणून हे व्रण समोरच्या मऊ प्रकाशात कमी आणि बाजूच्या प्रकाशात अधिक जाणवतात.

अशा खोलगट व्रणांचे तीन प्रकार त्वचारोगतज्ज्ञ मानतात. पहिला, सुईने टोचल्यासारखा अरुंद आणि खोल. त्याचे तोंड 2 मिलिमीटरहून लहान असते. दुसरा, उभ्या कडांचा, देवीच्या वणासारखा. तिसरा, 4 ते 5 मिलिमीटर रुंद, उतरत्या कडांचा. यामुळे गाल लाटा उठल्यासारखा दिसतो. या तिसऱ्या प्रकारात त्वचेखालील दोऱ्यांसारखे तंतू त्वचेला आत ओढून धरतात.

काळे किंवा तांबूस डाग ही निराळी गोष्ट आहे. तेथे खड्डा नसतो, केवळ रंग बदललेला असतो. भारतीय त्वचेत असे डाग सहज पडतात. उन्हापासून जपणूक, योग्य मलम आणि काही महिन्यांचा धीर यांनी ते पुष्कळदा फिके होतात. त्यांवर फिलरचा काहीही उपयोग नसतो. त्याचप्रमाणे वर उचललेल्या, कठीण झालेल्या व्रणांवरही फिलर हा उपाय नव्हे.

फिलर काय करते?

फिलर म्हणजे त्वचेखाली सुईने भरावयाचे जेलीसारखे द्रव्य. ते खचलेल्या तळाला खालून उचलते. तळ वर आला की सावली नाहीशी होते. व्रण पुसला जात नाही, तो दिसेनासा होतो. हा भेद आरंभीच समजून घेतला तर पुढची निराशा टळते.

कोणत्या व्रणाला लाभ होईल, हे पाहण्याची एक सोपी रीत आहे. दोन बोटांनी त्वचा हलकेच ताणावी. खड्डा नाहीसा झाला, तर तो भरावाने सुधारण्याचा संभव अधिक. ताणूनही तसाच राहिला, तर नुसत्या फिलरने फारसे साधत नाही. सुईसारख्या अरुंद व्रणांना तीव्र आम्लाचा अगदी नेमका थेंब किंवा बारीक छेद घेऊन टाके घालणे, असे वेगळे उपचार लागतात. खाली तंतूंनी जखडलेल्या व्रणांत आधी सुईने ते तंतू मोकळे करतात. ही पद्धत 1995 मध्ये ऑरेनट्राइख पितापुत्रांनी सबसिजन या नावाने मांडली. तंतू सुटल्यानंतर त्या पोकळीत फिलर भरले, तर त्वचा पुन्हा खाली चिकटण्याला अटकाव होतो.

सर्वाधिक वापरले जाणारे फिलर हायलुरॉनिक आम्लाचे असते. हे द्रव्य मनुष्याच्या त्वचेतही निसर्गतः असते. भरलेले फिलर शरीर हळूहळू विरघळवते. साधारणतः सहा महिने ते दीड वर्ष परिणाम टिकतो. म्हणजे हा एकदाच करावयाचा खर्च नव्हे, पुन्हा पुन्हा येणारा खर्च आहे. व्यापारी कुटुंबाने तो तसाच हिशेबात धरावा.

द्रव्य कशापासून बनते?

औषधाच्या डबीवरचा हिरवा ठिपका शोधणाऱ्या घरांना हा प्रश्न सर्वांत जवळचा वाटेल. 1934 मध्ये कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी हायलुरॉनिक आम्ल प्रथम वेगळे केले, ते गुरांच्या डोळ्यातील द्रवातून. पुढे बराच काळ ते कोंबड्याच्या तुऱ्यापासून काढीत. 1981 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले पहिले कोलॅजेन फिलर तर गाईच्या कातडीपासून बनत असे. आज बाजारातील बहुतेक हायलुरॉनिक फिलर जिवाणूंच्या साहाय्याने किण्वन करून तयार होतात. त्यांत पशूचा अवयव लागत नाही.

परंतु सर्वच फिलर असे नाहीत. मुरुमांच्या व्रणांसाठीच अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2014 च्या अखेरीस मान्य केलेल्या फिलरमध्ये कृत्रिम पदार्थाचे सूक्ष्म मणी असतात आणि ते मणी गोवंशीय कोलॅजेनमध्ये मिसळलेले असतात. त्याचा परिणाम दीर्घकाळ टिकतो, याची जाहिरात होते. कोलॅजेनचा उगम मात्र विचारल्याशिवाय सहसा कोणी सांगत नाही. म्हणून ‘यात प्राणिज घटक आहे काय?’ हा प्रश्न डॉक्टरांना स्पष्ट विचारावा, पाकिटातील माहितीपत्रक मागावे आणि वाचावे. हा प्रश्न विचारण्यात संकोच नसावा.

आणखी एक सूक्ष्म बाब आहे. हायलुरॉनिक फिलर चुकीच्या जागी गेले, तर ते विरघळवण्यासाठी हायलुरॉनिडेज नावाचे औषध देतात. ते बहुधा मेंढ्या किंवा गुरांच्या अवयवांपासून काढलेले असते. मानवी जनुकाच्या आधारे प्रयोगशाळेत बनवलेला प्रकार काही देशांत मिळतो. संकटसमयी हे औषध नाकारणे म्हणजे त्वचा किंवा दृष्टी गमावण्याची जोखीम पत्करणे होय. प्राण वा अवयव वाचवण्यासाठी घेतलेले औषध आणि केवळ रूपासाठी पत्करलेली जोखीम यांत अंतर आहे. म्हणून हा विचार सुई टोचल्यावर नव्हे, टोचण्यापूर्वी घरात बसून व्हावा. ज्यांना ते औषध कोणत्याही परिस्थितीत मान्य नसेल, त्यांनी फिलरच्या वाटेला न जाणेच इष्ट.

धोका कोठे आहे?

सूज, लाली, निळसर डाग, काही दिवस हाताला लागणाऱ्या गाठी हे नेहमीचे परिणाम बहुधा आपोआप जातात. खरा धोका दुर्मीळ असला तरी गंभीर आहे. द्रव्य रक्तवाहिनीत शिरले तर तेथील रक्तप्रवाह थांबतो. तीव्र वेदना, त्वचा एकाएकी पांढरी पडणे किंवा जाळीदार निळसर होणे ही त्याची लक्षणे. नाक आणि भुवयांमधील जागा याबाबतीत विशेष नाजूक असते. डोळ्याच्या रक्तवाहिनीत अडथळा आल्यास दृष्टी कायमची जाऊ शकते. अशा प्रसंगी पहिले काही तासच नव्हे, काही मिनिटेही मोलाची असतात.

शेवगावकरांसाठी याचा अर्थ सरळ आहे. उपचार अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्यात घेतला, तर त्याच संध्याकाळी गावी परतण्याची घाई करू नये. पहिली रात्र नातलगांकडे शहरातच काढावी आणि डॉक्टरांचा रात्रीचा दूरध्वनी क्रमांक जवळ ठेवावा.

उपचार करणारी व्यक्ती त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन असावी आणि वैद्यक परिषदेकडे तिची नोंदणी असावी. ब्यूटी पार्लरमध्ये सुई टोचून घेऊ नये. दुकानात माल उतरवून घेताना जी दक्षता असते, तीच येथे हवी. सिरिंज बंद पाकिटातून समोर उघडावी, मुदत पाहावी, बॅच क्रमांकाची चिठ्ठी आपल्या फायलीत चिकटवून घ्यावी आणि पक्के बिल घ्यावे. हायलुरॉनिडेज तेथे उपलब्ध आहे काय, हेही आधीच विचारावे. गर्भवती आणि स्तनदा मातांनी हा उपचार टाळावा.

त्याहून स्वस्त उपाय

नवीन मुरुमे येत असताना फिलरचा विचार करणे म्हणजे गळक्या छपराखाली रंगकाम काढणे. आधी मुरुमे आटोक्यात आणावीत. चौदा-पंधराव्या वर्षी मुरुमे खोलवर पिकू लागताच तज्ज्ञाकडे गेल्यास पुढचे बहुतेक व्रण टळतात. ‘वयात आल्यावर येतात, लग्नानंतर जातात’ या समजुतीने अनेकांचे गाल कायमचे खचले आहेत. तीव्र मुरुमांसाठी दिल्या जाणाऱ्या आयसोट्रेटिनॉइनच्या कॅप्सूलचे कवच सामान्यतः जिलेटिनचे, म्हणजे प्राणिज असते. त्याविषयी डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलून पर्याय विचारावा. मनानेच गोळी बंद करू नये. हे औषध चालू असताना आणि त्यानंतर एक महिना गर्भधारणा कटाक्षाने टाळावी लागते. विवाह ठरलेल्या मुलींना हे माहीत असलेच पाहिजे.

औषधविक्रीचा व्यवसाय असणाऱ्या बांधवांवर येथे एक जबाबदारीही येते. गोरेपणासाठी मागितली जाणारी अनेक मलमे स्टेरॉइडयुक्त असतात. त्यांनी चार दिवस चेहरा उजळतो, नंतर मुरुमे उसळतात, त्वचा पातळ आणि लाल होते. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकण्याच्या औषधांत घातली. काउंटरवर मागणाऱ्याला नकार देताना थोडा नफा जातो. परंतु शेजारच्या घरातील लेकीचा चेहरा वाचतो. ही देखील जीवदयाच आहे.

शेवटी निर्णय कोणाचा? ज्याचा चेहरा, त्याचा. एखाद्या मुलीला आरशात पाहताना मोकळे वाटावे म्हणून तिने विचारपूर्वक उपचार घेतला, तर त्यात गैर काही नाही. मात्र ‘स्थळ येत नाही’ म्हणून आईवडिलांनी तिला खुर्चीवर बसवणे योग्य नव्हे. पाहण्याच्या कार्यक्रमात तिच्या गालांवर नजर खिळवणारे घर आपले तर नाही ना, हेही प्रत्येकाने तपासावे. रूप अनित्य आहे, हे प्रवचनात ऐकणे सोपे असते. सून निवडताना ते आठवणे अवघड असते. ते आठवले, तर पुष्कळ मुलींच्या गालांवरचे खळगे कोणत्याही सुईविना हलके होतील.